जमिनीत रोवलेले पूर्वज

माडिया गोंडांच्या गावात मेलेला माणूस गाव सोडून जात नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड, एटापल्ली या तालुक्यांत वस्तीच्या अलीकडे, वाटेच्या कडेला, साजा-मोहाच्या सावलीत उभे रोवलेले दगड दिसतात. काही गुडघ्याइतके, काही पुरुषभर उंच. त्यांवर नाव नसते, तारीख नसते, टाकीचा घावही नसतो. डोंगरातून जसा निघाला तसा आणून रोवलेला दगड. परक्याला ते शेताच्या बांधावरचे धोंडे वाटतील. गावातला म्हातारा मात्र एकेका दगडाजवळ थांबून हा कोणाचा आजा, तो कोणाचा बाप हे सांगू शकतो. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरमध्ये या दगडाला ‘उरसकल’ म्हणतात, अशी नोंद डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या माडिया गोंडांवरच्या ग्रंथात आहे.

या शब्दातला ‘कल’ म्हणजे दगड. गोंडी आणि तिची माडिया बोली या द्रविड कुळातल्या, आणि कन्नडातही दगडाला ‘कल्लु’च म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द वाटतो तितका परका नाही. गावोगावच्या देवळांपुढे उभे असलेले ‘वीरगळ’ आणि ‘गधेगळ’ यांतला ‘गळ’ कन्नडातूनच मराठीत आला. वीरगळावर घोडेस्वार, गाईगुरे, स्वर्गातल्या अप्सरा कोरलेल्या असतात. माडियांचा दगड कोरा असतो. शब्दाचे मूळ एक आणि हेतूही एक, गेलेल्याला दगडाच्या रूपाने उभे ठेवणे. फरक इतकाच की वीरगळ लढाईत पडलेल्याला मिळतो, आणि उरसकल घरातल्या साध्या कर्त्या माणसालाही.

पूर्वजपूजा म्हटले की जगभर पहिले नाव चीनचे निघते. घरातल्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाट्या, कुळाची स्वतंत्र स्मृतिमंदिरे, पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या वंशावळी, आणि दर वर्षी ४ किंवा ५ एप्रिलला येणारा छिंगमिंगचा सण. त्या दिवशी माणसे आपल्या गावी परततात, थडगी झाडतात, गवत उपटतात, अन्न मांडतात आणि कागदी नोटा जाळून मृतांना खर्चायला पैसे पोचवतात. २००८ पासून तिथे या सणाला सरकारी सुट्टी आहे. नेमक्या त्याच दिवसांत गडचिरोलीच्या जंगलात पहाटेपासून मोहफुले वेचण्याची घाई असते. या दोन ठिकाणांचा एकमेकांशी इतिहासात काही संबंध आला नाही. तरीही मेलेला माणूस कुटुंबाचा सभासद राहतो, त्याला खाऊ घालावे लागते, तो रागावतो आणि पावतोही, ही समजूत दोन्हीकडे सारखीच पक्की आहे. चीनने ती कागदावर आणि पाटीवर नोंदवली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंडांनी ती दगडात, धान्यात आणि तोंडी सांगण्यात ठेवली.

मृत्यूनंतर लगेच दगड उभा राहतो असे नाही. मरण आले की ढोल वाजतो. त्याचा आवाज ऐकून आसपासच्या गावांतले भाऊबंद आणि सोयरे निघतात. प्रेत पुरतात किंवा जाळतात. यात गावागावांत आणि कुळाकुळांत फरक आहे, आणि जाळण्याचा मान बहुतेक वेळा मोठ्या माणसाला मिळतो. मृताची भांडी, टोपली, कपडे त्याच जागी ठेवून देतात. मरण संशयाचे असेल, तर तिरडी खांद्यावर घेतलेल्यांना प्रेत कुठल्या बाजूला ढकलते यावरून कारण शोधण्याची जुनी रीत होती. तिच्यातून जादूटोण्याचे आरोप निघत आणि कधी कधी निरपराध माणसाचा बळी जाई. पूर्वजांविषयीच्या या साऱ्या श्रद्धेची ती काळी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

दगडाचा विधी पुढे सवडीने होतो, कारण त्याला खर्च लागतो. सोयऱ्यांना बोलवायचे, जनावर द्यायचे, धान्य शिजवायचे, मोहाची दारू गाळायची. योग्य दगड डोंगरात शोधावा लागतो. तो दांड्यांना बांधून खांद्यावर आणायला पुष्कळ माणसे लागतात. मोठा दगड म्हणजे मोठे भाऊबंदपण, असे त्यामुळेच समजले जाते. दगड रोवून झाला की पूर्वजाची जागा ठरते. बस्तरच्या माडियांमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी एक मजेदार समजूत टिपली आहे: मृत तृप्त असेल तर त्याचा दगड वाढत जातो, अतृप्त असेल तर खंगतो. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने हे अशक्य. पण दगडाकडे वर्षानुवर्षे इतक्या बारकाईने पाहणारा वंशज असणे, हीच कुठल्याही पूर्वजाची इच्छा असावी.

सगळ्यांना दगड मिळत नाही. वाघाने मारलेला, बाळंतपणात गेलेली, देवीच्या साथीत मेलेला अशांचे मरण ‘वाईट’ समजले जाई. त्यांना वेगळ्या जागी पुरत आणि त्यांचे विधीही वेगळे असत. त्यांचा जीव पूर्वजांत मिसळत नाही, भटकत राहतो, अशी भीती त्यामागे होती. भारतात इतरत्र आणि चीनमध्येही अकाली मेलेल्यांविषयी हीच धास्ती आढळते. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला ज्यांना कोणी वंशज नाही अशा भुकेल्या भुतांसाठी रस्त्यावर अन्न ठेवतात, ते याच भीतीपोटी.

हे दगड पाहून बरेच जण घाईने थेट महापाषाणयुगात पोचतात. विदर्भात त्या काळाच्या खुणा भरपूर आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीला शेकडो शिळावर्तुळे आहेत. जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी तिथे एकोणिसाव्या शतकातच उत्खनन केले होते. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथल्या उत्खननांत लोखंडी हत्यारे, घोड्याचे अलंकार आणि माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला मोठ्या शिळांवर छतासारखी शिळा टेकवून केलेली शिळाघरे आहेत. ही स्मारके साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. ती उभारणारे आजच्या गोंडांचे पूर्वज होते असे सिद्ध झालेले नाही, आणि रीत सारखी दिसली म्हणून वंशही सारखा असे होत नाही. क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि व्हेरियर एल्विन यांनी १९४५ मध्ये ‘मॅन इन इंडिया’त मध्य भारतातल्या या रिवाजांवर लिहिले, तेव्हापासून अभ्यासकांना हा प्रश्न खुणावतो आहे. पुरातत्त्वज्ञाला जे फक्त उकरून पाहता येते, ते इथे अजून घडताना पाहता येते, एवढे मात्र खरे.

माणूस मेल्यावर नेमके काय उरते, या प्रश्नाला गोंडांचे उत्तर दुहेरी आहे. आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये १९४० च्या दशकात राहिलेल्या हायमेनडॉर्फ यांनी ते नोंदवले. एक ‘जीव’, तो भगवानाकडून येतो आणि त्याच्याकडेच परततो, पुन्हा जन्मही घेतो. दुसरा ‘सानाल’, म्हणजे गेलेल्याचे रूप, त्याची छाया. तो पूर्वजांमध्ये जाऊन बसतो आणि नैवेद्याचा वाटा घेतो. माडिया बोलीत ‘स’चा ‘ह’ होतो, म्हणून तिथे हाच शब्द ‘हानाल’. चिनी परंपरेतही आत्मा एकच नसतो. ‘हुन’ हलका, वर जाणारा; ‘पो’ जड, देहाबरोबर मातीत राहणारा. म्हणून तिथे पूर्वजाला दोन ठिकाणी भेटावे लागते, घरातल्या पाटीपुढे आणि गावाबाहेरच्या थडग्यावर. गोंडांच्या घरातही तसेच दोन पत्ते आहेत. दगड गावाबाहेर, आणि हानालची जागा घराच्या आत.

जीव घरी आणण्याचा एक विधी रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींच्या ग्रंथात सांगितला आहे. मृताचे नातेवाईक नदीवर जातात, त्याचे नाव घेऊन हाक मारतात आणि पाण्यात शिरून एखादा मासा किंवा किडा पकडतात. तो घरी आणून पूर्वजांच्या जागी ठेवतात. काही ठिकाणी तो खातातही, मृत माणूस पुन्हा त्याच घरात बाळ होऊन यावा म्हणून. घरात मूल जन्मले की हा कोण परत आला याची चर्चा होते. बाळाच्या अंगावरची खूण, त्याचे रडणे, कोणाचे नाव घेतल्यावर ते शांत होते, यावरून आजोबाचे किंवा आजीचे नाव त्याला मिळते. मराठी घरांतही नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे. तिथे ती आदराची खूण, इथे ओळख पटवण्याची.

घरातली हानालची जागा साधीच असते. बस्तरच्या मुरिया गोंडांमध्ये एल्विन यांनी ‘हानाल कुंडा’ पाहिला, म्हणजे गेलेल्यांचे मडके. घराच्या आतल्या काळोख्या कोपऱ्यात तो ठेवलेला असतो आणि बाहेरच्याला तिकडे जाऊ देत नाहीत. मूर्ती नाही, चित्र नाही. घरात नवे धान्य आले की पहिला घास त्या कोपऱ्याला. दारू प्यायच्या आधी चार थेंब जमिनीवर सांडतात, तेही त्यांचेच.

या देण्याघेण्याचे खरे वेळापत्रक म्हणजे ‘पंडुम’. माडियांमध्ये सणाला पंडुम म्हणतात, आणि वर्षातले बरेचसे पंडुम खाण्याच्या परवानगीचे असतात. ‘विज्जा पंडुम’ बियाण्याचा, ‘मरका पंडुम’ आंब्याचा; मोहफुले, भाजी, नवा भात यांचेही असेच. आंबे झाडावर पिकून खाली पडले तरी मरका पंडुम होईपर्यंत ते खायचे नाहीत. गावचा पेरमा किंवा गायता पूजा करतो, पहिला वाटा गावदेवाला आणि हानालना जातो, मगच माणसे खातात. निसर्ग जपण्याचा हा नियम आहे, असे अलीकडे पुष्कळदा लिहिले जाते. फळ पक्के होऊन बी पडेपर्यंत थांबल्याने जंगलाला फायदा होतो, हे खरेच. पण नियम पाळणाऱ्याच्या मनात हिशोब वेगळा असतो. आंब्याचे झाड ज्याने जपले तो मेला आहे, आणि त्याच्या आधी खाणे हा त्याचा अपमान आहे.

गोंड समाजाची सगळी सोयरीक पूर्वजांच्या गणितावर चालते. चंद्रपूर-गडचिरोलीत नवा माणूस भेटला की आडनावानंतरचा प्रश्न असतो, किती देवे? चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे गट आहेत. आत्राम, मडावी, मेश्राम, टेकाम, सिडाम, कुमरे, गेडाम ही आडनावे या गटांत वाटलेली आहेत. एकाच गटातले सगळे भाऊ, मग त्यांचे गाव शंभर कोस दूर असो. त्यांच्यात लग्न होत नाही. हा हिशोब एका कथेवर उभा आहे. गोंडांचे आद्य पुरुष गुहेत कोंडले गेले होते, पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवले आणि त्यांची गटवारी लावून दिली. ती गुहा म्हणून गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातले कचारगड ओळखले जाते. १९८० च्या दशकापासून तिथली माघ पौर्णिमेची यात्रा मोठी होत गेली. आज अनेक राज्यांतून गोंड तिथे येतात. नागपूरचे भाषाभ्यासक मोतीराम कंगाली यांच्या लेखनाने या कथेला नवे छापील रूप मिळाले.

प्रत्येक कुळाचा मोठा देव म्हणजे ‘परसा पेन’. त्याची खूण भाल्याचे लोखंडी पाते आणि चवरी. ती देवळात नव्हे, गावाबाहेर पेनठाण्यावर झाडाशी ठेवतात. वर्षात ठरलेल्या वेळी कुळाची माणसे जमतात, पेनला नदीवर आंघोळ घालतात, आणि त्याच वेळी वर्षभरात मेलेल्यांचा विधी होतो. त्या दिवसापर्यंत मृत अधांतरी असतो. विधी झाला की तो पेनमध्ये मिसळतो. लग्न होऊन आलेली सूनही याच पेनपुढे आणली जाते. कुळाच्या यादीत एका दाराने सुना येतात, दुसऱ्या दाराने मेलेले जातात, आणि दोन्ही दारांवर देव तोच.

याचे मोठे रूप सीमेपलीकडे केसलापूरला दिसते. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. ती मेश्राम कुळाची. कुळातली माणसे पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. जत्रेआधी केसलापूरच्या वडाखाली वर्षभरात गेलेल्यांचे विधी करतात. नव्या सुनांची नागोबाशी ‘भेट’ घडवतात. चंद्रपूर आणि यवतमाळकडचे मेश्रामही त्यासाठी जातात. राज्यांच्या सीमा १९५६ नंतर आखल्या गेल्या, कुळाची सीमा त्याहून जुनी.

लिहिलेली वंशावळ नसताना इतके सगळे लक्षात कोणी ठेवले? ते काम परधानांचे. परधान हे गोंडांचे भाट. प्रत्येक परधान घराण्याची गोंड यजमान घराणी ठरलेली असत, आणि हे नाते बापाकडून मुलाकडे जाई. किंगरी हे तंतुवाद्य वाजवत ते कुळाच्या उत्पत्तीची कथा, पूर्वजांची नावे, त्यांची भांडणे आणि स्थलांतरे गात. मृत्यूनंतरच्या विधीत त्यांच्यावाचून अडे. मोबदल्यात मृताचे कपडे, दागिना, कधी बैल किंवा गाय मिळे. चीनमध्ये हेच काम कागदाने केले. कन्फ्यूशियसच्या खोंग घराण्याची वंशावळ २००९ साली नव्याने छापली गेली, तेव्हा तीत वीस लाखांहून अधिक नावे होती, आणि त्या आवृत्तीत प्रथमच स्त्रियांची नावे घेतली गेली. परधानाच्या गाण्यातली नावे कधी मोजली गेली नाहीत. यजमानी मोडली, शाळा आणि नोकऱ्या आल्या, परधानांची मुले वेगळ्या वाटांनी गेली, आणि किंगरी वाजवणारे हात कमी होत गेले. कागदाची वंशावळ जळली तर दुसरी प्रत कुठेतरी असते. परधान गेला की त्याच्याबरोबर एका कुळाचे दप्तर जाते.

नावे किती पिढ्या धरून ठेवायची, याची मर्यादा मात्र सगळीकडे असते. बाराव्या शतकातल्या चू शी या चिनी पंडिताने घरगुती विधींचा जो नमुना घालून दिला, त्यात चार पिढ्यांच्या पाट्या देव्हाऱ्यात ठेवायच्या. त्याहून जुन्या काढून पुरायच्या. मराठी घरातल्या श्राद्धात बाप, आजा, पणजा अशा तिघांची नावे घेतात, पुढचे सगळे एकत्र. गोंडांमध्ये दगड ओळखणारा म्हातारा असेपर्यंत नाव टिकते, नंतर तो नुसता ‘आमचा दगड’ होतो. पूर्वजाची ती शेवटची बढती म्हणायची, नाव गळून तो पेनचा भाग झालेला असतो.

काही पूर्वज मात्र कुळापुरते राहत नाहीत. ताडोबा हे नावच त्याचे उदाहरण. दंतकथेप्रमाणे तारू हा गावचा प्रमुख वाघाशी झालेल्या झुंजीत मारला गेला आणि लोकांनी त्याला देव केले. ताडोबा तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे. पौषात तिथे गोंडांची जत्रा भरत असे. इतर ठिकाणी वाघाने मारलेल्याला पूर्वजांत जागा नसते. तारूच्या बाबतीत त्याच मरणाने त्याला सगळ्या जंगलाचा मालक केले. १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. ज्याला वाघाने मारले, त्याच्या नावाने आज वाघांचे संरक्षण होते. जगभरातले पर्यटक ते नाव उच्चारतात आणि बहुतेकांना ते एका मृत गोंडाचे आहे हे ठाऊक नसते.

राजांची गोष्ट वेगळी. चंद्रपूरच्या गोंड राजांनी दगड रोवले नाहीत, समाध्या बांधल्या. अचलेश्वर मंदिराजवळच्या समाधिस्थळात बीरशहाची समाधी सर्वांत मोठी आहे. ती त्याच्या विधवेने, राणी हिराईने बांधली. त्याच्या मृत्यूनंतर दत्तक पुत्र रामशहाच्या नावाने तिनेच राज्य सांभाळले, आणि महाकालीचे मंदिरही तिचेच काम. कमानी, घुमट, कोरीव दगड पाहिले की या राजघराण्याने मृत्यूचे स्मारक करण्याची भाषा त्या काळच्या इतर दरबारांकडून घेतली हे कळते. जंगलातला कोरा दगड आणि शहरातला घुमट यांच्यात अंतर आहे ते राज्य मिळाल्याचे.

त्याच शहरात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध लढलेले गोंड वीर बाबूराव शेडमाके यांना त्यांनी तुरुंगाच्या आवारात फाशी दिले. दर वर्षी त्या दिवशी तिथल्या पिंपळापाशी लोक जमतात. फुले वाहतात, पिवळे झेंडे असतात, भाषणे होतात. विधी बदलला आहे, पेनऐवजी पुतळा आणि परधानाऐवजी वक्ता आला आहे. पण शेडमाके हे आता एका कुळाचे पूर्वज नाहीत, ते सगळ्या समाजाचे झाले आहेत.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गोंडांखेरीज इतरांचेही पितर आहेत. शेतकरी कुटुंबांत भाद्रपदाच्या पितृपक्षात घराघरातून वडे-खिरीचा वास येतो आणि कावळ्याची वाट पाहिली जाते. वैनगंगा मार्कंडा इथे उत्तरेकडे वळते, आणि नदीचे असे उलटे वळण हिंदू परंपरेत पितृकार्याला पवित्र मानतात. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. तिथे बारा वर्षांनी प्राणहिता पुष्कर येतो. मागचा एप्रिल २०२२ मध्ये आला, तेव्हा काठावर पिंडदानासाठी महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या लोकांची गर्दी लोटली होती.

याच चंद्रपुरात पितरांना नकार देण्याची शपथही घेतली गेली. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला मोठ्या जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांपैकी एक श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. ज्या व्यवस्थेने जिवंतपणी माणूस मानला नाही, तिच्या पुरोहिताकडून मेल्यावर पोचवून घ्यायचे नाही, असा तिचा सरळ अर्थ. म्हणून स्मरण थांबले असे नाही. बौद्ध कुटुंबांत आता ‘पुण्यानुमोदन’ होते: वंदना, परित्राणपाठ, गेलेल्याविषयी दोन शब्द, एखाद्या शाळेला किंवा विहाराला दान. चीनमध्येही हा वाद वेगळ्या रूपात झाला. पूर्वजांपुढे नमन करणे ही मूर्तिपूजा आहे की नुसता आदर, यावर कॅथलिक धर्मप्रसारकांत शतकभर भांडण चालले. १७१५ मध्ये पोपने चिनी ख्रिश्चनांना ते निषिद्ध ठरवले आणि १९३९ मध्ये ती बंदी उठली. मेलेल्याला नमस्कार कसा करायचा, हा प्रश्न जिवंतांच्या सत्तेचाच असतो.

माडिया-गोंडांच्या दगडांना सत्तेच्या भाषेत नवा अर्थ आला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहूनही गावांकडे कागद नव्हते. वन खात्याच्या नकाशावर ही गावे अतिक्रमणासारखी दिसत. कायद्याखाली २००८ मध्ये झालेल्या नियमांत हक्काचा दावा सिद्ध करण्यासाठी कोणते पुरावे चालतील याची यादी आहे. सातबारा, सरकारी कागद, नकाशे यांच्या बरोबरीने तीत गावाचे जुनेपण दाखवणाऱ्या पारंपरिक गोष्टीही आहेत: विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे. शिवाय पूर्वीच्या नोंदींतल्या व्यक्तींपर्यंत पोचणारी वंशावळही चालते. गावाच्या वनहक्क समितीने दावेदारांसह जागेवर जाऊन पाहणी करायची असते. त्यामुळे आजवर जो दगड फक्त भाऊबंदांना कळत होता, तो पंचनाम्यात लिहिला जाऊ लागला: अमुक ओढ्यापासून पूर्वेला, मोहाच्या झाडाखाली, इतके दगड.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टरांवर. देशातल्या पहिल्या अशा हक्कांपैकी तो एक. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांनी दावे केले आणि सामूहिक वनहक्कांत हा जिल्हा देशात पुढे राहिला. अनुसूचित जमातीखेरीज इतर वनवासींना मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि कायद्यात एक पिढी म्हणजे २५ वर्षे धरली आहेत. तिथे आजा-पणजांची नावे आणि जागा माहीत असणे हा थेट कायद्याचा प्रश्न होतो.

दावा तपासताना एकाहून अधिक पुरावे पाहावेत, असे नियम सांगतात. नुसती दफनभूमी दाखवून भागत नाही. त्याच यादीत आणखी एक पुरावा आहे: दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे, लिहून घेतलेले. म्हणून पाहणीच्या दिवशी समितीबरोबर गावचा म्हातारा चालतो. तो दगडाजवळ थांबतो, कोणाचा ते सांगतो, आणि शाळेत शिकलेला कोणी पोरगा ते मराठीत उतरवून घेतो.